बर्फात सापडलेलं मीठ

अंटार्क्टिका, १९ डिसेंबर २०२४

आत्या,

पोचले! फोनवर तुझा आवाज "तेजू, तू जे..." एवढ्यावरच तुटतो, म्हणून तुझ्या हुकमाप्रमाणे पत्र लिहितेय, मोठ्या अक्षरांत. तू कागदावर लिही, फोटो काढ आणि पाठव. बाबांना मात्र काढायला सांगू नकोस. त्यांच्या फोटोत मजकुरापेक्षा अंगठा जास्त येतो.

इथे भर उन्हाळा आहे, म्हणजे उणे अठरा. सूर्य मावळतच नाही. किनाऱ्यावरच्या केंद्रापासून दीडशे किलोमीटर आत आमचे तंबू आहेत. चारही बाजूंना पांढरं, इतकं पांढरं की पहिल्या दिवशी मला उगाचच हसू येत होतं.

माझं काम काय, ते निघताना तुला नीट सांगता आलं नाही. बोळिंजच्या आपल्या घरी गॅलरीत कठड्यावरून बोट फिरवून तू सांगतेस ना, ही धूळ नव्या टॉवरची, ही हायवेची? तेच काम. हवेत मीठ, धूळ, धूर, राख यांचे बारीक कण तरंगत असतात. वाऱ्याबरोबर हजारो मैल जातात आणि इथे बर्फासोबत खाली बसतात. त्यावर पुढच्या वर्षीचा बर्फ. आम्ही खड्डा खणायचा, त्याच्या भिंतीतून थराथराने बर्फ बाटल्यांत भरायचा, वितळवायचा आणि त्यात काय विरघळलंय ते यंत्रात पाहायचं. मग शोधायचं, हे कण आले कुठून.

आमच्या प्रमुख डॉक्टर सुहासिनी मॅडम. बोलतात कमी, भुवया जास्त हलवतात. नियम कडक : खड्ड्यात उतरताना डोक्यापासून पायापर्यंत धुतलेला पांढरा पोशाख, दोन-दोन हातमोजे, तोंडावर फडकं. घरचं काहीही अंगावर नको. यंत्रं सांभाळायला डेरिक आहे, आपल्या वसईजवळच्या पापडी गावचा! पहिल्याच दिवशी मी त्याला "कुठला रे तू?" विचारलं आणि दोघं इतके ओरडलो की मॅडम तंबूतून बाहेर आल्या.

तू शिवलेली कानटोपी छान उबदार आहे. झोपताना घालते.

तुझी तेजू

*

बोळिंज, २४ डिसेंबर

तेजू बाय,

पत्र मिळालं. तुझ्या बाबाला वाचून दाखवलं. अंगठ्याचं वाचलं नाही.

टोपी झोपताना कशाला? झोपताना गोधडी असते. टोपी कामावर घाल. वारा कानातून शिरतो, तो तुझ्या पांढऱ्या पोशाखाला विचारून शिरनार आहे का? पोशाखाच्या आत घाल, कोनाला दिसनार नाही. का ते विचारू नको. आत्याचं एवढं ऐक.

तुझं काम मला समजलं. मी चाळीस वर्षं मिठागरात काढली. डोळे मिटून खडा जिभेवर ठेवला तर कुठल्या वाफ्यातला ते सांगायची. आमचा बांध फुटून मिठागर बंद पडलं त्याला आता चार वर्षं होतील. या सातव्या मजल्यावर बसून मी तुळशीला पानी घालते आनि मालिका बघते. तुझं पत्र आलं तेव्हा मालिका बंद केली. त्यातली सून बोलतच होती, तिला बोलू दिलं नाही.

तुझा बर्फ कसा लागतो? चाखलास का?

आत्या

*

अंटार्क्टिका, ३ जानेवारी २०२५

आत्या, आत्या, आत्या!

बस कुठेतरी. उभ्याने वाचू नकोस.

दीड मीटरचा खड्डा पुरा झाला. म्हणजे साधारण बारा वर्षांचा बर्फ. साठ बाटल्या. एकेक वितळवून यंत्राला देत होते. सगळ्या बाटल्यांत मीठ अगदी नावापुरतं, कारण समुद्र इतका लांब. आणि मग एकतिसावी बाटली. मला वाटलं यंत्र बिघडलं. बत्तिसावी, तेहेतिसावी, चौतिसावी, सगळ्यांत वीस पट मीठ! पस्तिसावी पुन्हा साधी.

यात मजा अशी की गंधकाचा अंश फार कमी. साध्या समुद्राच्या तुषारांत तो ठरलेल्या प्रमाणात असतो. पण समुद्र गोठायला लागला की गंधक असलेलं एक मीठ आधी खाली बसतं. उरलेलं खारं पाणी गोठलेल्या समुद्रावर फुलांसारखं उगवतं. खरंच फुलं, आत्या, पाकळ्या असतात! वारा ती फुलं मोडून त्यांची धूळ उडवतो. म्हणजे २०१८च्या आसपास कधीतरी एवढं मोठं वादळ झालं असणार की समुद्रावरची फुलं दीडशे किलोमीटर आत येऊन पडली. असं एवढ्या प्रमाणात अजून कोणी पाहिलेलं नाही!

मी नाचले. चार किलोचे बूट घालून. डेरिक शिट्ट्या मारत होता. मॅडमच्या दोन्ही भुवया एकदम वर गेल्या, आणि त्या खाली यायला बराच वेळ लागला. वीस तारखेला पाच देशांच्या शास्त्रज्ञांसमोर व्हिडिओवरून मी हे मांडायचं आहे. मी!

बर्फ चाखायला बंदी आहे. (चाखला. कसलीच चव नाही.)

तेजू

*

बोळिंज, ६ जानेवारी

तेजू बाय,

बसूनच वाचलं. मग उठले आनि बसवेना. लिफ्टची वाट न बघता सात मजले उतरले, खाली जाऊन वॉचमनला सांगितलं, इस्त्रीवाल्याला सांगितलं, आपले सेक्रेटरी जयवंतराव भेटले त्यांना सांगितलं. संध्याकाळी नोटीस बोर्डावर कागद लागला, "आपल्या सोसायटीच्या कन्येचा बर्फात शोध". सोबत तुझा दहावीचा फोटो. दोन वेन्या आहेत, चालेल. तुझ्या बाबाने पेढे आनले आनि पहिला स्वतःच खाल्ला.

आता एक अडलंय ते विचारते. समुद्र गोठताना एक मीठ आधी खाली बसतं, हे तू लिहिलंस ते मला लगेच पटलं. आमच्याकडे ऊन तेच करतं. आधी तळाला चुन्यासारखा थर बसतो, मग मीठ धरतं, आनि वर जे पानी उरतं ते कडू. जिभेला लागलं तर दिवसभर थू थू करशील. ते पानी आम्ही काढून टाकतो, म्हनून आपलं मीठ चवीला चांगलं.

तर समुद्राचं मीठ वाऱ्यावर उडून तुझ्याकडे आलं, तर त्याच्याबरोबर कडूही यायला पाहिजे. वाटेत ते कोन काढून टाकनार? तू मीठ मोजलंस. कडू मोजलंस का?

माझी अक्कल चौथीपर्यंतची. चुकत असेल तर सोडून दे.

आत्या

*

अंटार्क्टिका, ९ जानेवारी

आत्या,

कडू म्हणजे मॅग्नेशियम. ते मोजायला यंत्राची मांडणी बदलावी लागते, त्यात अख्खा दिवस जातो. घाईत मी ते मागे ठेवलं होतं. तुझं पत्र वाचलं आणि हसत हसत बसले मोजायला. म्हटलं, आत्याला उत्तर तर द्यावं.

हसू थांबलं. छप्पन्न बाटल्यांत मॅग्नेशियम अगदी समुद्राच्या प्रमाणात. त्या चार बाटल्यांत मात्र जवळजवळ नाहीच. म्हणजे ते मीठ कोणीतरी कडू पाणी काढून टाकून तयार केलेलं मीठ आहे. आणि अंटार्क्टिकावर मिठागर नाही, आत्या.

मग त्या चार बाटल्यांचं पाणी ज्यातून गाळलं होतं ती गाळणी काढली. तेहेतिसाव्या बाटलीच्या गाळणीवर एक काळसर, गोल दाणा. डेरिक ओरडला, "उल्का! आकाशातून पडलेली!" मी उडीच मारली. एक शोध गेला तर दुसरा आला! आम्ही दोघं धावत भिंगाखाली तो दाणा घेऊन गेलो. डेरिकने आधी पाहिलं. भिंग फिरवून पुन्हा पाहिलं. मग म्हणाला, "तेजस्वी, ही तर फोडणीची मोहरी."

एकतीस ते चौतीस या बाटल्या मी एकाच दिवशी भरल्या. त्या दिवशी वारा फार होता, म्हणून तुझं ऐकून टोपी पोशाखाच्या आत घातली होती. टोपीची एक कड उसवली आहे, ती मी आज पाहिली. आत अजून हात घातलेला नाही. आधी तुला विचारते.

आत्या, त्या टोपीत काय आहे?

तेजू

*

बोळिंज, १० जानेवारी

तेजू,

मीठ आनि मोहरी. मीच शिवलं.

तू निघायच्या आदल्या दिवशी झोपली होतीस, तेव्हा तुझ्यावरून सात वेळा उतरवलं. उतरवलेलं मीठ विस्तवात टाकायचं असतं, ते मला माहीत आहे. पन तिथे तुला कोनाची दृष्ट लागली तर कोन उतरवनार? म्हनून सोबतच दिलं, टोपीच्या कडेत, सगळीकडून सारखं भरून. मीठ आपल्याच मिठागरातलं, शेवटच्या वर्षाचं. विमानतळावर तुला धरलं नाही, याचं मला तेव्हाच नवल वाटलं होतं.

तू विचारलंस आनि मला सगळं लक्षात आलं. मी तुला कडू विचारलं ते तुझं कौतुक वाढावं म्हनून. म्हटलं कडू सापडेल आनि माझी तेजू आनखी नाचेल. तसं झालं नाही. तुझ्या शोधावर मीच मीठ टाकलं, आनि ते मीच ओळखलं.

जयवंतरावांना बोर्डावरचा कागद काढायला सांगितला. का म्हनून विचारलं. मी म्हटलं, शोध अजून चालू आहे. तुझ्या बाबाला सगळं सांगितलं. तो आधी रागाने लाल झाला, मग मोहरीचं ऐकून जो हसत सुटला तो जेवेपर्यंत. मला हसू आलं नाही.

तू मॅडमना माझं नाव सांग. बायजा जनार्दन पाटील, पूर्ण नाव सांग. त्यांना मला ओरडायचं असेल तर फोन लावू देत. आवाज तुटला तरी मी समजून घेईन.

आत्या

*

अंटार्क्टिका, १५ जानेवारी

आत्या,

तुझं पत्र वाचून मी आधी तंबूत जाऊन उशीत तोंड खुपसून हसले. मग रडले, कारण एक गोष्ट तुलाही माहीत नव्हती. त्या दिवशी वहीत मी लिहिलं होतं, "पोशाख नियमाप्रमाणे." टोपी घालून वर खोटं लिहिलं. तू तुझं सगळं, पूर्ण नावासकट, कबूल केलंस आणि माझी वही तशीच.

गेले मॅडमकडे. टोपी टेबलावर ठेवली, मोहरी ठेवली, वही उघडून ठेवली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "टोपीचं मी समजू शकते. आत्या आहे. वहीचं काय?" डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तशी त्यांनी समोरच्या बाटल्या पटकन बाजूला ओढल्या. "इथे रडू नकोस, त्यातही सोडियम असतं." आणि मग आत्या, त्यांच्या भुवया थरथरायला लागल्या. मला वाटलं आता भडका. पण त्या हसत होत्या! खुर्चीवरून घसरेपर्यंत! डेरिक दार उघडून बघून गेला.

हसून झाल्यावर शिक्षा. वीस तारखेचं भाषण रद्द, आणि ते का रद्द, हे पाचही देशांना मी स्वतः लिहायचं. (लिहिलं. नॉर्वेच्या बाईंनी उत्तर पाठवलं की मोहरीचा फोटो पाठवा.) नवा खड्डा मीच खणायचा, वाऱ्याच्या वरच्या बाजूला, दोन मीटर खोल. आणि मॅडमनी विचारलं, "कडू मोजलंस का, असं विचारणाऱ्या बाई कोण? वीस तारखेला पहिला प्रश्न कोणीतरी हाच विचारला असता, आणि तेव्हा तू सगळ्यांसमोर उभी असतीस."

आता तुझं काम. हे मीठ टोपीतलंच, हे पक्कं दाखवायला त्याच मिठागरातलं मीठ गोव्याच्या प्रयोगशाळेत तपासायला हवं. टोपीतलं आता इथल्या सगळ्यांनी हाताळलंय, ते चालणार नाही. घरात थोडं उरलं असेल ना? पाठव. वाण्याकडचं नको.

खणायला निघाले. कान गार पडलेत, पण उघडे!

तेजू

*

बोळिंज, १८ फेब्रुवारी

तेजू बाय,

महिनाभर लिहिलं नाही. कामात होते. कामात! किती दिवसांनी हा शब्द लिहिला.

घरात मीठ नव्हतं. उरलंसुरलं तुझ्या टोपीत गेलं. मग आठवलं, पाचूबंदरचा फ्रान्सिस आमच्याकडून मासे खारवायला मीठ न्यायचा. गेले त्याच्याकडे. मासळीचा लिलाव चालू होता, त्या गलक्यातच विचारलं, "फ्रान्सिस, आमचं मीठ आहे का रे?" म्हनाला, आहे की, बरनीभर. घरी जाऊन बघतो तर त्याच्या बायकोने त्या बरनीत कैऱ्या घातलेल्या. तुझ्या मॅडमना कैरीचं पानी पाठवू का?

फ्रान्सिस म्हनाला, "बायजाताय, मिठाचा ऋतू चालू आहे. एक वाफा धरू या की."

तेजू, आम्ही धरला! बांध चार ठिकानी फुटलाय, पन कोपऱ्यातला लहान वाफा बरा होता. मी बासष्टची, तो अडुसष्टचा. तीन दिवस तळाचा चिखल तुडवला. पाय लावल्याबरोबर आठवलं, कुठे किती दाबायचं. तुझा बाबा सुटीच्या दिवशी आला, "आक्का, पडशील" म्हनत बांधावर उभा राहिला आनि तोच पडला. कमरेपर्यंत. त्याला बाहेर काढताना आम्ही तिघं इतके हसलो की पलीकडच्या कॉम्प्लेक्समधली मानसं गॅलरीत आली.

भरतीचं पानी घेतलं, आटवलं, दुसऱ्या वाफ्यात घेतलं. परवा सकाळी गेले तर पान्यावर मिठाची साय. मी तिथेच खाली बसले. मग फ्रान्सिसला हाक मारली.

चार पिशव्या केल्या आहेत. एकीत मीठ, एकीत तळाचा पांढरा थर, एकीत बाटली भरून कडू पानी, एकीत बाटली भरून भरतीचं पानी. मॅडमना चारही लागतील असं मला वाटलं. प्रत्येकावर तारीख घातली आहे. हात धुऊन भरलं, टोपी न घालता.

आत्या

*

बोटीवरून, ६ मार्च

आत्या,

परत निघालो. बोट हलतेय म्हणून अक्षर टाइप करूनसुद्धा वाकडं येईल असं वाटतंय.

नव्या खड्ड्याचं सांगते. खणायला अकरा दिवस लागले. २०१८च्या आसपास काही नाही, साधा बर्फ. माझं ते भलंमोठं वादळ टोपीतूनच आलं होतं. ते पाहून पोटात खड्डा पडला, म्हणजे दोन खड्डे झाले. मग अगदी खाली, तळापासून दोन वीत वर, एक पातळ थर. मीठ तिप्पट. वीस पट नाही, तिप्पट. गंधक कमी. मी आधी काय केलं सांगू? यंत्राची मांडणी बदलली आणि कडू मोजलं. होतं, आत्या! पुरेपूर होतं!

खरी फुलं. लहान वादळाची, पण खरी. मी तीनदा मोजलं, मॅडमनी दोनदा मोजलं. मग त्यांनी तंबूचं दार लावून घेतलं आणि एक पाऊल नाचल्या. एकच. डेरिक साक्षीदार आहे, त्यालाही गप्प राहायची शपथ घातली आहे, म्हणून तू कोणाला सांगू नकोस. वॉचमनलासुद्धा.

तुझ्या चार पिशव्या गोव्याला पोचल्या. त्या चार बाटल्यांतलं मीठ तुझ्या वाफ्यातल्या मिठाशी जुळलं. तळाचा थर, मीठ, कडू पाणी, तिन्हींचे आकडे एकाखाली एक लावले तर समुद्राचं पाणी कसं कसं वेगळं होत जातं ते शाळेतल्या मुलालाही कळेल. मॅडम म्हणतात, हे आमच्या लेखात जायला हवं आणि नमुने गोळा करणाऱ्याचं नावही.

मॅडम विमानाने माझ्या आधी गोव्याला पोचतील. तुला प्रयोगशाळा बघायला बोलावलंय. बाबांना घेऊन जा. जाशील ना?

तेजू

*

गोवा, २३ मार्च

तेजू बाय,

तू अजून बोटीवर, आनि मी तुझ्या प्रयोगशाळेत. खोलीत बसून लिहिते. तुझा बाबा फोटो काढायचा हट्ट धरून बसलाय, अंगठा आला तर माफ कर.

आम्ही ट्रेनने आलो. स्टेशनवर सुहासिनीबाई स्वतः आल्या होत्या. मी हात जोडले आनि म्हटलं, "ओरडा आता, मी समोर आहे." त्यांनी माझे दोन्ही हात धरले. म्हनाल्या, "बायजाताई, आधी जेवू या."

जेवताना त्यांनी पाच ग्लास मांडले. पाच तऱ्हेचं मीठ, सारखं सारखं विरघळवून. म्हनाल्या, प्रयोगशाळेत चाखायला बंदी आहे, जेवायच्या टेबलावर नाही. भोवती तुझ्यासारखी दहाबारा मुलं-मुली जमली. पहिला ग्लास, दुकानातलं. दुसरा, कडू नीट काढलेलं नाही, कोनीतरी घाई केलीय. तिसरा, आपलं. चौथा पन आपलंच, पन तळ खरवडून घेतलेला, थराची ती पिशवी फ्रान्सिसने भरली होती. पाचवा मला ओळखता आला नाही. तो कच्छचा निघाला. मुलांनी टाळ्या वाजवल्या, मी पदर तोंडाला लावून हसत बसले. तुझा बाबा सगळ्यांना सांगत होता, "माझी बहीन. मोठी बहीन."

मग त्यांनी मला थंड खोलीत नेलं. उने वीस. तुमचा तो जाड कोट घातला, तो माझ्या घोट्यापर्यंत आला. आत फळ्यांवर नुसता बर्फ, लांब लांब कांड्या, प्रत्येकीवर चिठ्ठी. बाई सांगत होत्या, हा शंभर वर्षांचा, हा दोनशे. मी म्हटलं, मग आमचा वसईचा किल्ला बांधत होते तेव्हाचा? त्यांनी एका कांडीवर बोट ठेवलं. साधारन हा, म्हनाल्या.

त्या कांडीचा बाहेरचा पापुद्रा काढून टाकतात, हाताळलेला असतो म्हनून. त्यातला एक तुकडा त्यांनी बाहेर आनला आनि पान्याच्या ग्लासात टाकला. तेजू, तो बर्फ बोलायला लागला! चट चट, बारीक बारीक, लाह्या फुटतात तसा. मी घाबरून मागे सरले. बाई म्हनाल्या, बर्फ होताना जी हवा आत अडकली ती सुटतेय. तेव्हापासून ती कोनी श्वासात घेतलेली नाही. तेव्हा ना गाड्या, ना कारखान्यांचा धूर.

मी ग्लास दोन्ही हातांनी धरला आनि नाक वर टेकवलं. नाकावर गार गार शिंतोडे उडत होते. वास कसलाच नाही. मी ती हवा जेवढी आत मावेल तेवढी ओढून घेतली आनि धरून ठेवली. सोडावीशीच वाटेना. तुझा बाबा म्हनाला, "आक्का, मलाही." मी हाताने थांब म्हटलं. बाईंच्या भुवया वर जायला लागल्या.

"बायजाताई," त्या म्हनाल्या, "सोडा आता श्वास."

तुझी आत्या